अनावातोस: कातळात मिसळलेलं गाव

समोर बघा. सुरुवातीला काहीच कळत नाही, नुसता करडा डोंगर, मग एक छोटी चौकोनी खिडकी दिसते, तिच्या बाजूला दुसरी, आणि मग लक्षात येतं की अरे, हा अख्खा उतार म्हणजे घरं आहेत! ग्रीसच्या खिओस बेटावरचं हे अनावातोस. तुर्कस्तानचा किनारा इथून फार लांब नाही, आणि पुढची सगळी गोष्ट त्या जवळिकीचीच आहे.

गाडी खाली लावायची आणि चालायला लागायचं. नावाचा अर्थच चढायला अवघड असा आहे आणि ते पहिल्या दहा मिनिटांत पटतं. दगड याच डोंगराचा, म्हणून तर लांबून गाव दिसत नाही. समुद्रातून चाचे यायचे त्या काळात असं न दिसणं हीच मोठी सोय होती. घरं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की कडेच्या घरांच्या भिंती हीच गावाची तटबंदी, वेगळी बांधायची गरजच नाही. माथ्याजवळ एक तीन मजली इमारत लागते, तेलघाणा, शाळा आणि चर्च तिन्ही एकाच ठिकाणी. इथे जरा थांबा. ऑलिव्हचं तेल गाळणारी माणसं, धडे गिरवणारी पोरं आणि प्रार्थनेला आलेल्या बायका, सगळ्यांची ये-जा इथेच असणार.

आता या टोकाला या, पण सांभाळून. खाली सरळ तुटलेला कडा. या बाजूने शत्रू वर येऊच शकत नाही, पण मग इथून कुणी पळूनही जाऊ शकत नाही.

1822 च्या मार्चमध्ये सामोस बेटावरून आलेल्या बंडखोरांनी खिओसवर ऑटोमन तुर्कांच्या सत्तेविरुद्ध उठाव केला, एप्रिलमध्ये त्यांचं आरमार आलं आणि बेटावर कत्तल सुरू झाली. हजारो लोक मारले गेले, हजारो गुलाम म्हणून विकले गेले. युरोप हादरला, दोनच वर्षांनी फ्रेंच चित्रकार देलाक्रुआने यावर चित्र काढलं, ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. सैन्य अनावातोसपर्यंतही पोचलं. इथले लोक अजून सांगतात की हाती लागण्यापेक्षा कितीतरी जणांनी याच कड्यावरून उड्या टाकल्या.

जे उरले ते परत आले, घरं सावरली, आणि 1881 मध्ये भूकंप झाला. त्यानंतर मात्र गाव रिकामं होत गेलं. आता पायथ्याकडची काही घरं दुरुस्त केलीयेत, वर बहुतेक सगळं पडकं, दारांच्या जागी आभाळ दिसतं.

परतताना नेआ मोनीचा मठ लागतो. अकराव्या शतकातली सोनेरी मोझेक बघायला सगळे थांबतात, थांबायलाच हवं, पण आत जाण्याआधी दाराजवळच्या छोट्या चॅपेलमध्ये डोकवा. काचेच्या कपाटात कवट्या मांडून ठेवल्यात. 1822 मध्ये मठात आसऱ्याला आलेल्या माणसांच्या.