काळे राळे, गोरे राळे

नमस्कार, श्रोतेहो. माझ्यापाठोपाठ म्हणा: काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले. जमलं? आता न थांबता, भरभर, तीनदा. अडखळलात ना?

सगळी करामत ळ आणि र ची. ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं, र म्हणताना ते पुढे येऊन थडकतं आणि लगेच सुटतं. जागा जवळजवळच्या आणि सवड कमी. आपण एक अक्षर बोलत असताना मेंदू पुढचं जुळवत असतो, आणि घाईत पुढचं मागच्यात घुसतं. लक्षात ठेवा, जागा जवळ आणि सवड कमी, म्हणून जीभ घसरते.

यावरून सांगलीच्या माझ्या मावशीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तिची सून कानपूरची. लग्नानंतरची पहिलीच संक्रांत. भोगीला आमच्याकडे राळ्याचा भात लागतोच, म्हणून मावशी सूप मांडीवर घेऊन राळे निवडत बसलेली. शेजारच्या दोघी-तिघीही होत्या. मावशी म्हणाली, "सूनबाई, काळे राळे म्हण बघू." सून म्हणाली, "काले राले, गोरे राले." तिच्या हिंदीत ळ नव्हताच, तो येणार कुठून? बायका खो खो हसल्या. पोरगी मात्र खमकी. पदर खोचून म्हणाली, "माँजी, अब आप बोलिए. कच्चा पापड, पक्का पापड. जल्दी जल्दी!"

आमची मावशी बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हे. दोनदा तिनं ठणकावून म्हटलं. तिसऱ्यांदा, "कच्चा पापड, पच्चा कापड, पक्का..." आणि स्वतःच अशी हसत सुटली की सूप कलंडलं, राळे घरभर! दोघी सासवा-सुना गुडघ्यावर बसून राळे गोळा करताहेत आणि एकमेकींना पापड म्हणायला लावताहेत. त्यानंतर रोज दुपारी जेवणं आटोपली की हा सामना ठरलेला. पाडव्याच्या सुमारास सुनेनं मंडईत "केळी कशी दिली?" असं खणखणीत विचारलं, तर मावशीनं अख्ख्या गल्लीला ते सांगितलं.

नव्या सुनेला बोलतं करायला आपल्याकडे उखाणाही आहे. पण हल्ली तो मोबाइलमध्ये बघून वाचतात, ते मला अजिबात पटत नाही. उखाणा पाठच हवा, दोन ओळींचा का असेना.

असो. नाटकातली मंडळी प्रयोगाआधी अशी वाक्यं घोकतात, बातम्या वाचणारेही घोकतात. लहान मुलांना तर ती फार आवडतात, कारण इथे आजोबाही चुकतात आणि नातूही चुकतो. चुकलं की हसायचं आणि पुन्हा म्हणायचं.

मुलांकडून म्हणून घेताना आधी सावकाश म्हणायला लावा. आधी सावकाश, मग भरभर. ट आणि च साठी हे घ्या: चटईला टाचणी टोचली. क साठी काकांनी काकूंचे कामाचे कागद कात्रीने कराकरा कापले. मुलांनी म्हटलं की मग तुमची पाळी. नमस्कार.