गोळ्या देणारा माणूस

औषधाच्या दुकानातल्या आमच्या शूटिंगमधला हा हात बघा. रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवली, "हीच द्या, महिन्याची." फार्मासिस्टने गोळ्या काढल्या, पण द्यायच्या आधी कॉम्प्युटरवर मागची तारीख बघितली. 30 गोळ्या नेल्या त्याला आज 58 दिवस झालेत, आणि गोळी तर रोजची आहे.

"काका, मधे बंद केली होती का?"

काका हसले. बरं वाटतंय ना, म्हणून एक दिवसाआड घेतो म्हणाले. बीपीची गोळी, एक दिवसाआड! डॉक्टरांना माहीत नाही, घरी माहीत नाही, इथे दोन मिनिटांत कळलं. आणि काका काही एकटे नाहीत, जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्येच सांगितलंय की श्रीमंत देशांतसुद्धा जुनाट आजाराचे जवळपास निम्मेच पेशंट औषध सांगितल्याप्रमाणे घेतात.

पुढचा भाग आम्ही मुद्दाम कापलेला नाही. आतली छोटी खोली, दार लावलेलं. काका पाठ टेकून बसलेत, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय टाकलेला चालत नाही. पाच मिनिटं नुसतं बसायचं. मग कफ, म्हणजे बीपी मोजायचा पट्टा, तो उघड्या दंडावर, बाहीवरून नाही, आणि दंडाच्या मापाचा, कारण कफ लहान पडला तर आकडा उगाच वर जातो. दंड हृदयाच्या पातळीला हवा म्हणून खाली उशी. आणि गप्पा बंद, बोलताना बीपी वाढतं (काकांना हेच सगळ्यात अवघड गेलं). मिनिटभर थांबून परत एकदा. 158/94, मग 152/92, दोन्ही वेळा वाढलेलंच.

आता ही दुसरी पिशवी, एका मावशींची. "घरातलं सगळं औषध घेऊन या" म्हटलं होतं, त्यांनी खरंच सगळं आणलं. टेबलावर ओतल्यावर काय दिसतं बघा, दोन कंपन्यांच्या दोन स्ट्रिपा, नावं वेगळी, आत दोन्हीत तेच बीपीचं औषध, अ‍ॅम्लोडिपिन, आणि मावशी दोन्ही घेतायत. ही गुडघ्यासाठी स्वतःच आणलेली इबुप्रोफेन, जी बीपी चढवते आणि किडनीलाही त्रास देऊ शकते. आणि ही खोकल्याची बाटली... मावशींची बीपीची आणखी एक गोळी आहे, रॅमिप्रिल, तिने काही जणांना कोरडा खोकला लागतो, म्हणजे खोकला बहुधा गोळीचा, त्यावर सिरप चालू! इथला फार्मासिस्ट गोळी स्वतः बदलत नाही, सगळं लिहून डॉक्टरांना फोन करतो.

काही ठिकाणी तो बदलूही शकतो. कॅनडातल्या अल्बर्टात 2007 पासून जादा परवानगी घेतलेले फार्मासिस्ट औषध लिहून देतात. इंग्लंडमध्ये 2021 पासून चाळिशीपुढच्यांचं बीपी औषधाच्या दुकानात तपासतात. आणि लॉस एंजेलिसचा प्रयोग तर भारीच, त्याचं फुटेज आमच्याकडे नाही म्हणून नुसतं सांगतो. 52 सलून, बीपी वाढलेले 319 कृष्णवर्णीय पुरुष, काही सलूनमध्ये फार्मासिस्ट थेट केस कापायच्या खुर्चीपाशी जाऊन, डॉक्टरांशी ठरवून, औषध द्यायचा. सहा महिन्यांत त्यांचं वरचं बीपी सरासरी 27 ने उतरलं, बाकीच्या सलूनमध्ये, जिथे न्हावी फक्त राहणी सुधारा, डॉक्टरकडे जा म्हणायचे, तिथे 9 च्या आसपास. 2018 चा अभ्यास आहे.

बीपी असंच राहिलं की पक्षाघात, हार्ट अटॅक, किडनी, हे तुम्हाला माहीतच आहे. आणि हो, खोलीतल्या या वीस मिनिटांचे पैसे बऱ्याच ठिकाणी कोणी देत नाही, बाहेर रांग वाढते ती वेगळीच.

हे काका परत आलेत, तीस दिवसांनी. डॉक्टरांनी डोस तोच ठेवला, फक्त रोज घ्या म्हणाले. स्ट्रिपच्या मागे पेनाने वार लिहिलेत, ते फार्मासिस्टने मागच्या वेळी लिहून दिले होते. एक गुरुवार तसाच भरलेला राहिलाय. विचारायच्या आधी काकाच बोट ठेवून दाखवतायत.