सीटी नॉर्मल आला, आता पुढे काय?

(दृश्य: पेठ रस्ता, सावळघाटाची वळणं. नाशिककडे निघालेली १०८ रुग्णवाहिका.)

पेठ, सुरगाणा, इगतपुरी, दिंडोरी. कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली की गावात म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं’. हा पक्षाघाताचा झटका, म्हणजे स्ट्रोक. कुणी तेल चोळायला बसतं, कुणी लिंबूपाणी पाजायला धावतं. ज्या घरात शहाणं माणूस असतं ते गाडी काढतं आणि थेट नाशिक गाठतं. दवाखान्याच्या दारात मग नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न येतो: “डॉक्टर, डायरेक्ट एमआरआयच करून टाका ना, पैशाचं बघू आम्ही.”

डॉक्टर मात्र सीटी स्कॅनच्या खोलीकडे बोट दाखवतात.

(दृश्य: सीटीचं टेबल गोल यंत्रात सरकतं. काचेआड टेक्निशियन.)

झटका दोन तऱ्हेने येतो. एक तर मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, नाहीतर ती फुटते. बहुतेक रुग्णांमध्ये गुठळीच असते. दोन्हीकडे हात तसाच लुळा, तोंड तसंच वाकडं. नुसतं बघून कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. उपचार मात्र एकमेकांच्या उलट. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्राव झालेल्या माणसाला दिलं, तर जिवाशी खेळ.

सीटी या प्रश्नाचा निकाल काही मिनिटांत लावतो. मेंदूतला प्रत्येक भाग क्ष-किरण किती अडवतो, त्याला एक आकडा मिळतो. पाण्याचा शून्य, हवेचा उणे १०००. मेंदूचा तीस-चाळीसच्या आसपास, आणि ताज्या, साकळलेल्या रक्ताचा त्याहून बराच वर. म्हणून करड्या मेंदूत रक्त पांढरं उठून दिसतं. या आकड्यांना हाउन्सफील्ड युनिट म्हणतात. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे ब्रिटिश अभियंते. त्यांच्या यंत्रावर १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी निघाला, आणि १९७९ साली ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

(दृश्य: दोन फिल्म शेजारी शेजारी. एकीत पांढरा डाग. दुसरीत काहीच नाही.)

ही दुसरी फिल्म नीट बघा. माणसाची उजवी बाजू हलत नाही, आणि रिपोर्ट सांगतो, नॉर्मल. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. “काही निघालं नाही, मग घरी नेऊ का?” असं विचारणारेही भेटतात.

गुठळीचा झटका पहिल्या काही तासांत सीटीवर बऱ्याचदा दिसतच नाही. रक्तपुरवठा तुटलेल्या भागात सूज चढायला, तो भाग फिल्मवर काळवंडायला वेळ लागतो. सरावलेल्या नजरेला बारीक खुणा सापडतात: मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागामधली सीमा पुसट झालेली, एखादी रक्तवाहिनी गुठळीमुळे जास्तच पांढरी. पण डॉक्टर मुळात शोधत असतात ते रक्त. हात लुळा आहे आणि फिल्मवर रक्त नाही, म्हणजे इंजेक्शनचा रस्ता मोकळा. १९९५ सालच्या अमेरिकन अभ्यासाने या इंजेक्शनची मुदत झटका आल्यापासून ३ तास ठरवली होती. २००८ मध्ये ती साडेचार तासांवर गेली. ‘नॉर्मल’ शब्द ऐकून घरी नेलेला रुग्ण ही मुदत घालवून बसतो.

(दृश्य: एमआरआय खोलीबाहेर स्टीलचा ट्रे. त्यात मंगळसूत्र, पिना, चुन्याची डबी.)

मग एमआरआय जास्त चांगला की नाही? दिसण्यापुरतं म्हणाल तर हो, आणि फरक थोडाथोडका नाही. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ३५६ जणांचे दोन्ही स्कॅन काढले होते. त्यातल्या ज्यांना खरंच झटका आला होता, त्यांच्यापैकी ८३ टक्के रुग्णांमध्ये तो एमआरआयने ओळखला, सीटीने २६ टक्के. उपाशी पडलेल्या पेशींत पाणी शिरतं आणि अडकून बसतं. एमआरआयचा डिफ्युजन नावाचा भाग पाण्याची ही कोंडी हेरतो आणि ती जागा काही मिनिटांतच उजळून दाखवतो. मेंदूच्या मागच्या भागातला छोटा झटका मात्र त्यालाही कधीकधी चकवतो.

पण या ट्रेकडे बघा. यंत्रात प्रचंड चुंबक, अंगावर लोखंड चालत नाही. तीस वर्षं न निघालेली जोडवी साबण लावून काढायची, पेसमेकर आहे का विचारायचं, शिवाय घाबरलेल्या माणसाला त्या ठणठणाटात हलू न देता झोपवायचं. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब आहे. आणि रात्री दोन वाजता एमआरआय सुरू असेलच असं नाही. इंजेक्शनआधी साधा सीटी पुरतो, त्यामुळे एमआरआयसाठी दोन दवाखाने पालथे घालण्यात काही शहाणपण नाही, असं आमचं स्पष्ट मत.

एका ठिकाणी मात्र एमआरआय खरोखर भाव खातो. निफाडकडचा बागायतदार, द्राक्षांच्या गोडी छाटणीचे दिवस, रात्री जेवून झोपला. पहाटे उठला तो हात लुळा घेऊनच. झटका कधी आला? डॉक्टर विचारतात, “शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?” उत्तर येतं, “नऊच्या सिरियलला चांगले बसले होते की!” म्हणजे घड्याळ रात्री नऊपासून धरायचं, आणि मुदत संपलेली. अशा वेळी डिफ्युजनवर डाग आहे, पण फ्लेअर नावाच्या दुसऱ्या चित्रात तो अजून उमटलेला नाही, असं दिसलं तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतलाच. या खुणेवरून इंजेक्शन दिलं तर फायदा होतो, हे २०१८ मध्ये दिसून आलं.

(दृश्य: सीटी अँजिओग्राफी. रक्तवाहिन्यांचं झाड, एक फांदी मध्येच तुटलेली.)

राहिली सीटी अँजिओग्राफी. त्याच टेबलावर, शिरेतून आयोडीनचं औषध सोडून. गुठळी नेमकी कुठे अडकली ते इथे कळतं. मोठ्या वाहिनीत असेल तर जांघेतून नळी घालून ती ओढून काढता येते. २०१५ पासून ६ तासांपर्यंत, आणि २०१८ पासून निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. निवड करायला परफ्युजन स्कॅन: मेंदूचा किती भाग मेला, किती अजून तग धरून आहे.

ही सोय प्रत्येक दवाखान्यात नसते, रुग्णाला पुढे हलवावं लागतं. तेव्हा हातात निव्वळ रिपोर्टचा कागद घेऊन निघू नका, स्कॅनची सीडी मागून घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत या बारीक खुणा दिसत नाहीत, आणि मग पुढच्या दवाखान्यात तोच सीटी पुन्हा काढावा लागतो.