आधी पावलं

(दृश्य : फरशीवर दोन अनवाणी पावलं)

डावी टाच टेकली आहे, उजवी अजून अधांतरी. दहा मिनिटं या खोलीत एवढंच चाललंय. मनावर मोठा आघात झाल्यानंतर ती इथे आली आहे. काय घडलं होतं, हे तिला कुणी विचारलेलं नाही. थेरपिस्टनी विचारलं ते इतकंच : ‘फरशी गार लागतेय का?’

‘कळत नाही.’

ही टाळाटाळ नाही. खरंच कळत नाही.

(दृश्य : भिंतीला रेटणारे तळहात, ताणलेले दंड)

डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. स्नायू आणि सांधे मेंदूला सतत खबर देत असतात. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टननी १९०६ मध्ये या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ म्हटलं. दुसरी जाणीव आतली : भूक, लघवीची घाई, छातीतली धडधड. मनावरच्या आघातानंतर ही आतली खबर कधी येतच नाही, कधी नको इतकी येते. जिना चढून ठोके वाढले तरी संकट आल्यासारखं वाटतं.

म्हणून भिंत रेटायची. जोर लावला की दंड जाणवतात, मग खांदे, मग पाठ. संवेदनांची सांगड मेंदू कशी घालतो, यावर जीन एअर्स या व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) बाईंनी १९७२ मध्ये सविस्तर लिहिलं, तेही शिकताना अडखळणाऱ्या मुलांसाठी. आघाताच्या कामात ते विचार नंतर आले.

(दृश्य : टेबलावर घडी घातलेला टी-शर्ट)

आता खरं काम. व्यवसायोपचार म्हणजे नुसता व्यायाम नव्हे. रोजची कामं पुन्हा जमायला हवीत. टी-शर्ट डोक्यातून घालताना क्षणभर चेहरा झाकला जातो. तिचा श्वास तिथेच अडकतो. कित्येक महिने ती फक्त बटणांचे शर्ट घालते आहे.

आधी टी-शर्ट नुसता मांडीवर. शिवण बोटांनी चाचपायची. मग बाह्यांत हात. मग गळा कपाळापर्यंत, डोळे उघडेच. मध्येच ती ‘बास’ म्हणते आणि थेरपिस्ट लगेच हात मागे घेतात. कुठे थांबायचं, ते तीच ठरवणार. कॅमेऱ्याला यात बघण्यासारखं फार नाही, कबूल. आम्ही तरी कॅमेरा हलवला नाही.

आठवणी यानं पुसल्या जात नाहीत, बोलून करायचे उपचार सुटत नाहीत, आणि प्रत्येकाला गुण येईलच असंही नाही.

(दृश्य : कापडाआड अर्धा चेहरा)

गळा नाकापर्यंत आलाय. पावलं बघा. दोन्ही टाचा टेकल्या आहेत.

(निवेदन थांबतं. फक्त श्वासाचा आवाज.)