कार्डावरचा मराठी चार

नमस्कार श्रोतेहो. आत्ता माझ्या हातात एक जाडसर कागदाचं कार्ड आहे, तळहाताएवढं, मधोमध घडी घातलेलं, एका कोपऱ्यावर लाल मातीचा डाग आहे आणि आत पेन्सिलीने आकडे लिहिलेत, मराठी आकडे. गोल्फचं स्कोरकार्ड आहे हे. अशी माझ्याकडे सव्वाशेच्या वर कार्डं आहेत, ज्या ज्या कोर्सवर खेळलो तिथलं एकेक, आणि कुणी म्हणालं की यातलं एकच ठेव बाकी टाक, तर मी हेच ठेवीन.

ज्यांनी गोल्फ कधी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अठरा होल असतात, प्रत्येक होलचा एक पार ठरलेला असतो, म्हणजे चांगल्या खेळाडूने इतक्या फटक्यात चेंडू भोकात घालायला हवा, आणि कार्डावर ओळीने होलचा नंबर, अंतर, पार आणि पुढे रिकामा चौकोन. त्या चौकोनात आपले फटके. पण गंमत अशी की स्पर्धेत हा आकडा आपण लिहायचा नसतो, आपल्याबरोबर खेळणारा लिहितो, त्याला मार्कर म्हणतात. आपण त्याचं लिहायचं, त्याने आपलं, शेवटी तपासायचं आणि दोघांनी सही करायची. म्हणून माझ्या सगळ्या संग्रहात माझं अक्षर जवळजवळ नाहीच, माझ्याबरोबर चार साडेचार तास चाललेल्या माणसांची अक्षरं आहेत, आणि मी हे जपतो ते त्यासाठीच.

आणि ती सही म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी नाही बरं का. १९६८ च्या मास्टर्स या अमेरिकेतल्या मोठ्या गोल्फ स्पर्धेत अर्जेंटिनाचा रॉबर्टो दे व्हिसेन्झो शेवटच्या दिवशी अफाट खेळला, त्याचा ४५वा वाढदिवस होता त्या दिवशी, सतराव्या होलला त्याने तीन केले, सगळ्या जगाने टीव्हीवर बघितले, पण त्याच्या मार्करने, टॉमी आरनने, चार लिहिले आणि दे व्हिसेन्झोने न बघता सही केली. नियम असा की जास्त आकड्यावर सही केली तर तो जास्तीचाच धरतात. ६५ चे ६६ झाले आणि बॉब गोल्बी एका फटक्याने जिंकला, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोघांचा प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवणारा जादा सामना, झाला असता. त्याआधी १९५७ मधे जॅकी पंग अमेरिकन विमेन्स ओपन जिंकलीच होती, एका होलला सहाच्या जागी पाच लिहिले गेले, बेरीज बरोबर होती तरी बाद केलं तिला, कारण खेळाडूची जबाबदारी प्रत्येक होलच्या आकड्याची असते, बेरीज कमिटी करते. मला हे वाचलं की आजही पोटात कालवतं.

आता हातातलं कार्ड. पावसाळ्यातली छोटी स्पर्धा होती, माझ्या मार्करचा चष्मा घरी राहिलेला, म्हणून ते आमच्या कॅडीदादांना, म्हणजे बॅग घेऊन बरोबर चालणाऱ्या दादांना, म्हणाले तुम्ही भरा, मी सही करतो. कॅडीदादा पंचवीस वर्षं त्या कोर्सवर, चेंडू कुठे पडला ते आमच्या आधी त्यांना कळायचं. त्यांनी सवयीप्रमाणे मराठीत आकडे लिहिले. आम्ही तपासलं, सह्या केल्या, दिलं. तासाभराने फळ्यावर बघतो तर माझे ९४ चे १०४. काउंटरवरच्या मुलाला मराठी आकडे येत नव्हते, मराठी चार त्याने इंग्रजी आठ म्हणून वाचला आणि मराठी पाच इंग्रजी चार म्हणून. कार्डावर चार तीनदा होता, त्याचे बारा वाढले, पाच दोनदा होता, त्याचे दोन कमी झाले. मी कार्ड मागून घेतलं आणि कॅडीदादांना बोलावलं, त्यांनी एकेक चौकोनावर बोट ठेवून होल सांगितला, साहेब इथे तुमचा दुसरा फटका बंकरमधे, वाळूच्या खड्ड्यात गेला, इथे भोकाकडे हलकेच ढकललेला लांबचा पट आत पडला, अठराच्या अठरा होल तोंडपाठ. फळ्यावरचा आकडा बदलला. स्पर्धेचं कार्ड एरवी क्लबकडेच राहतं पण मी विनंती केली तेव्हा निकालानंतर परत दिलं. त्यांचा चार बघा, खालचं गोल पूर्ण बंद आणि वरचे दोन हात जवळजवळ मिटलेले, शाळेत गिरवलेला.

कोरं कार्ड मात्र मी ठेवत नाही. मुलीकडे स्कॉटलंडला गेलो होतो तेव्हा सेंट अँड्र्यूज गावातल्या प्रसिद्ध ओल्ड कोर्सच्या बॅलटमधे, म्हणजे खेळायची वेळ देणाऱ्या सोडतीत, नंबर लागला नाही, रविवारी तो कोर्स खेळायला बंद असतो, गावकरी फिरायला येतात, तेव्हा मीही फिरलो. तिथल्या कार्डावर होलना नावं आहेत, चौथ्याचं नाव जिंजर बिअर, कारण एके काळी तिथे एक म्हातारा गाडीवर जिंजर बिअर विकायचा. १७६४ मधे तिथे अठरा होल झाले आणि पुढे तोच आकडा सगळीकडे रुळला. कोरं कार्ड आणून देतो असं एकजण म्हणाला, मी नको म्हणालो, खेळलोच नाही तर कसलं कार्ड. शेजारच्या न्यू कोर्सचं आहे माझ्याकडे, नाव न्यू पण १८९५ चा, आणि त्यावर एका अनोळखी निवृत्त पोस्टमनचं तिरकं बारीक अक्षर आहे.

कार्डाची मागची बाजूही वाचत जा, तिथे लोकल रूल, म्हणजे त्या कोर्सपुरते नियम, असतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या रिचमंड गोल्फ क्लबने १९४० मधे तात्पुरते नियम काढले होते, बॉम्ब पडत असताना आडोसा घेतला तर दंड नाही, शत्रूच्या हल्ल्याने चेंडू हलला तर परत ठेवा, पण फटका मारताना बॉम्ब फुटला म्हणून दुसरा चेंडू मारायचा असेल तर एक फटका दंड!

जपायचं कसं विचाराल तर लॅमिनेशन अजिबात नको आणि चिकटवायचं नाही, पेन्सिल घासून पुसट होते म्हणून एका पाकिटात एकच कार्ड, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, त्या दर महिन्याला बदलायच्या. हल्ली बरेच जण ॲपमधेच स्कोर टाकतात, टाकू दे, मी तरीही कागदाचं मागून घेतो आणि पेन्सिल दुसऱ्याच्या हातात देतो.

एक विनंती आहे, नाशिकच्या श्रोत्यांना खास. तुमचं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, जिथे क्रिकेटचे सामने होतात, त्याला लोक अजून गोल्फ क्लब मैदानच म्हणतात ना? तर कुणाच्या जुन्या घरात, आजोबांच्या पेटीत, एखाद्या पुस्तकात खूण म्हणून घातलेलं तिथलं भरलेलं कार्ड सापडलं तर टाकू नका. मला द्यायचं नाहीये, फक्त एकदा बघायला मिळालं तर मी नाशिकला येईन, कुणाचं अक्षर आहे ते बघायला.