परक्या शहरातला वापरकर्ता

विद्यार्थी मित्रहो,

डिझाइनच्या शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या मुलामुलींशी बोलताना बहुतेक वेळ संस्थेचा लौकिक, पोर्टफोलिओ, शिष्यवृत्ती आणि पुढची नोकरी यांतच जातो. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच; पण त्यांची माहिती तुम्हाला अन्यत्र सहज मिळेल. मला बोलायचे आहे ते त्या शिक्षणाच्या अशा एका भागाविषयी, जो कोणत्याही अभ्यासक्रमात नोंदलेला नसतो आणि तरीही ज्याने विद्यार्थ्याची सर्वांत खोल घडण होते, असे माझे मत आहे. इतरांसाठी वस्तू आणि सेवा घडवायला शिकणारा हा विद्यार्थी परक्या शहरात स्वतःच वापरकर्ता होतो. आणि तोही अशा वस्तूंचा, ज्या घडवताना त्याच्यासारख्या माणसाचा विचार कुणाच्या मनात आलेला नव्हता.

सुरुवातीच्या आठवड्यांत हे पदोपदी जाणवते. स्थानकावरचे तिकीटयंत्र आधी विभाग विचारते, मग प्रवासाचा प्रकार विचारते, आणि मागे रांग वाढत असते. वसतिगृहातल्या कपडे धुण्याच्या यंत्रावरच्या खुणा वाचता येत नाहीत. खिडकीची मूठ एका बाजूला फिरवली की खिडकी उघडते, दुसऱ्या बाजूला फिरवली की नुसती वरून कलते. कचरा कोणत्या डब्यात टाकायचा हे शेजाऱ्यांना विचारावे लागते. निवासाच्या परवान्याचा अर्ज नावाचे तुकडे अशा रीतीने मागतो की आपले स्वतःचे नाव आपल्याला अपुरे वाटू लागते. यांतली कोणतीही अडचण मोठी नाही. पण दिवसभर अशा अडचणी एकामागून एक येत राहिल्या की संध्याकाळी जो थकवा येतो तो अभ्यासाचा नसतो, आणि आपली बुद्धी कमी पडते आहे अशी शंका मनात घर करते.

डिझाइनच्या विद्यार्थ्याने इथेच थांबून विचार करायला हवा. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे उदाहरण मी नेहमी देतो. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. त्यानंतर तिथल्या नियंत्रणकक्षाच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्यांत ते होते. पुढे इंग्लंडमध्ये केंब्रिजला काही महिने राहण्याचा योग आला, तेव्हा तिथल्या दिव्यांच्या बटणांनी, नळांनी आणि दारांनी त्यांना रोज अडवले. दोष आपला नसून वस्तूच्या रचनेचा आहे, ही भूमिका मांडणारे त्यांचे पुस्तक त्या वास्तव्यातून उभे राहिले आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. मानवी चुकांचा अभ्यास ज्यांनी वर्षानुवर्षे केला होता, त्यांनाही रोजच्या साध्या वस्तूंकडे अशा नजरेने पाहायला परक्या गावात जावे लागले, हे मला फार बोलके वाटते. आपल्या गावातही दारे तितकीच वाईट असतात. पण तिथे आपला हात सवयीने योग्य जागी जातो, आणि सवय रचनेतला दोष झाकून टाकते.

दुसरे उदाहरण पॅट्रिशिया मूर यांचे. न्यूयॉर्कमध्ये रेमंड लोवी या नामांकित औद्योगिक डिझायनरच्या कार्यालयात त्या तरुण डिझायनर म्हणून काम करत होत्या. हातांत जोर नसलेल्या माणसालाही उघडता येईल असे फ्रिजचे दार का करू नये, असे त्यांनी एका बैठकीत विचारले, तेव्हा अशा लोकांसाठी आपण डिझाइन करत नाही, या आशयाचे उत्तर मिळाल्याचे त्या सांगतात. वयाच्या २६ व्या वर्षी, १९७९ मध्ये, त्यांनी वृद्ध स्त्रीचा वेश घेतला. नजर धूसर करणारा चष्मा लावला, कानांत बोळे घातले, सांधे बांधून घेतले, आणि १९८२ पर्यंत अधूनमधून त्या वेशात अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या अनेक शहरांतून फिरल्या. त्यांना जी स्थिती एवढ्या खटपटीने अंगावर घ्यावी लागली, तिचा एक अंश परदेशी विद्यार्थ्याच्या वाट्याला कोणत्याही वेशाविना येतो. तो अनुभव वाया जाऊ देणे मला शिक्षणाचे नुकसान वाटते.

आता स्टुडिओकडे, म्हणजे डिझाइनचे विद्यार्थी जिथे प्रत्यक्ष काम करतात त्या वर्गाकडे, वळू. तिथला दिवस बाहेरून वाटतो तितका कल्पनाविलासाचा नसतो. वर्कशॉपमधल्या प्रत्येक यंत्राचे सुरक्षा-प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही; लेझर कटरची वेळ आधी राखून ठेवावी लागते; थ्री-डी प्रिंट रात्रभर चालते आणि सकाळी वेडेवाकडे निघते. वर्कशॉपमधले तंत्रज्ञ हे अनेकदा प्राध्यापकांइतकेच मोठे शिक्षक असतात. शिवाय पोटासाठी काम असते, आणि त्याची मर्यादा व्हिसा ठरवतो: ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्याला २० तासांपर्यंत, तर जर्मनीत युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते. हॉटेलच्या स्वयंपाकघरात किंवा गोदामात घालवलेले ते तास अभ्यासाच्या आड येतात, हे खरे; पण दिवसभर उभे राहून एकच साधन वापरणाऱ्या माणसाचे मनगट का दुखते, हे तिथे जितके कळते तितके वर्गात कळत नाही.

स्टुडिओतली खरी कसोटी क्रिटची, म्हणजे केलेल्या कामाच्या जाहीर समीक्षेची, असते. भिंतीवर रेखाटने लावून, टेबलावर मॉडेल मांडून, प्राध्यापक आणि सहाध्यायी यांच्यासमोर उभे राहायचे आणि प्रश्न झेलायचे. परक्या भाषेत वाक्य जुळेपर्यंत चर्चा पुढे सरकलेली असते. मायदेशी उत्तम बोलणारे विद्यार्थी अशा वेळी गप्प होतात आणि त्यांचा आत्मविश्वास ढासळतो. तो काळ कठीण असतो; एकटेपणाही त्याच महिन्यांत सर्वांत जास्त छळतो, आणि त्याबद्दल कुणाशी तरी बोलावे, आवश्यक तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जावे, हे मी आग्रहाने सांगेन. पण याच अडचणीतून कामाला शिस्त लागते. बोलून सावरून घेता येत नाही, म्हणून मॉडेलच स्वतःहून समजेल असे करावे लागते. पुठ्ठ्याचे का असेना, खऱ्या मापाचे मॉडेल समोरच्याच्या हातात दिले आणि त्याने ते न विचारता नीट धरले, तर निम्मा युक्तिवाद तिथेच पूर्ण होतो.

भाषेच्या अभावातून आपल्या क्षेत्रात मोठे काम झालेले आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला येणाऱ्या असंख्य पाहुण्यांना जपानी वाचता येणार नव्हते, म्हणून मासारू कात्सुमिए यांच्या मार्गदर्शनाखाली डिझायनरांच्या गटाने खेळांची आणि सोयीसुविधांची चित्रचिन्हे तयार केली. जर्मनीतल्या उल्म येथील डिझाइन विद्यालयाच्या संस्थापकांपैकी ओट्ल आयशर यांनी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी ती कल्पना अधिक काटेकोर केली. आज कोणत्याही विमानतळावर उतरताना आपण ज्या खुणांच्या आधाराने चालतो, त्यांच्या घडणीत परक्या माणसाची अडचण अशी सामावलेली आहे.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. आपली अडचण म्हणजे प्रत्येकाची अडचण, असे मानणारा विद्यार्थी पुन्हा स्वतःसाठीच डिझाइन करू लागतो. आपण तरुण असतो, धडधाकट असतो, शिकलेले असतो आणि काही महिन्यांत रुळतो. निर्वासित म्हणून त्याच शहरात आलेल्या वृद्धेला तेच तिकीटयंत्र फार वेगळे दिसते, आणि ती कधी रुळेल याची शाश्वती नसते. स्वतःच्या अनुभवाने प्रश्न विचारता येतात. उत्तरांसाठी मात्र दुसऱ्यांजवळ बसून, त्यांना वापर करताना पाहून, ऐकूनच घ्यावे लागते.

ही नजर टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे. वर्ष उलटता उलटता खिडकीची मूठ हाताला सवयीची होते आणि यंत्रासमोर आपण विचार करेनासे होतो. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत रोज लिहा आणि रेखाटा: कुठे थांबलो, काय अपेक्षित होते, काय घडले, हात आधी कुठे गेला. चिडचिडीपेक्षा हाताची हालचाल नोंदवा. पुढे प्रकल्पात तीच उपयोगी पडते. दुसऱ्या वर्षी नवे विद्यार्थी येतील आणि त्यांना मदत करण्याची जबाबदारी सहसा तुमच्याकडेच येईल. ती आनंदाने घ्या. त्यांना तिकीटयंत्रापाशी घेऊन जा, तुम्ही काय टिपणार आहात हे सांगून त्यांची संमती घ्या, आणि बटण दाखवण्यापूर्वी थोडा वेळ त्यांना स्वतः प्रयत्न करू द्या. ते कुठे पाहतात आणि कोणत्या खुणेने फसतात, हे टिपून घ्या. मग मदत करा, आणि ते टिपण त्यांनाही वाचायला द्या.