अनामिकेची लांबी

(दृश्य: टेबलावर उताणा ठेवलेला लहान मुलाचा हात, शेजारी मोजपट्टी)

हा हात जरा जवळून बघा. अंगठ्याशेजारची तर्जनी आणि करंगळीशेजारची अनामिका, म्हणजे देवाला गंध लावायचं बोट. बोटाच्या मुळाशी असलेल्या वळीपासून टोकापर्यंत दोन्ही मोजायची आणि तर्जनीच्या लांबीला अनामिकेच्या लांबीनं भागायचं. पुरुषांमध्ये हे उत्तर सरासरीनं जरासं कमी येतं, कारण त्यांची अनामिका तुलनेनं लांब असते.

हे प्रमाण आईच्या पोटातच ठरू लागतं. २०११ साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या झेंगुई झेंग आणि मार्टिन कोन यांनी उंदरांच्या गर्भांवर प्रयोग केले. चौथ्या बोटाची, म्हणजे अनामिकेची, वाढ टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी संप्रेरकांना जास्त दाद देते, असं त्यांना दिसलं. त्या संप्रेरकांची वाट अडवली, की बोट आखूड राहतं.

(दृश्य: जेवणाचं ताट. समोर बसलेला मुलगा सारखे डोळे मिचकावतोय.)

आता या मुलाकडे या. आधी डोळे मिचकावणं, मग मान झटकणं, मग घशातून खाकरल्यासारखा आवाज. घरचे म्हणतात, ‘अरे, पुरे कर!’ तो दोन मिनिटं थांबतोही. पण शिंक यायच्या आधी नाकात जसं हुळहुळतं, तसं काहीतरी त्याच्या आत साठत जातं आणि शेवटी मान झटकली जातेच. याला टिक म्हणतात. खोड नव्हे, नाटक तर नव्हेच.

स्नायूंच्या अनेक टिक्स, सोबत निदान एक आवाजाची, आणि हे सगळं वर्षाहून अधिक काळ चाललं, तर डॉक्टर टुरेट सिंड्रोम म्हणतात. पॅरिसच्या जॉर्ज जिल द ला टुरेट यांनी १८८५ साली अशा नऊ रुग्णांची हकिगत लिहिली. त्यातली सर्वांत प्रसिद्ध रुग्ण एक उमराव स्त्री होती. तरीही मुलींपेक्षा मुलग्यांत हा त्रास तीन-चारपट आढळतो. मग प्रश्न आलाच: गर्भात वाढणाऱ्या मेंदूवर पुरुषी संप्रेरकांचा यात काही हात असेल का? येल विद्यापीठात जेम्स लेकमन आणि ब्रॅडली पीटरसन यांनी १९९०च्या दशकात हा विचार मांडला. टेस्टोस्टेरॉनला अडवणारं फ्लुटामाइड हे औषध काही प्रौढ रुग्णांना देऊनही पाहिलं. टिक्स थोड्या कमी झाल्या, पण तो फरक टिकला नाही.

गर्भातल्या त्या आठवड्यांत मागे जाऊन रक्त तपासता येत नाही. म्हणून संशोधक बोटांकडे वळतात. तिथे त्या संप्रेरकांची एक पुसट खूण राहिलेली असते. पुसटच, हे मला ठासून सांगायचंय. शेकडो हातांची सरासरी काढली तरच ती दिसते. कितीतरी मुलींची अनामिका लांब असते, कितीतरी मुलग्यांची आखूड. तेव्हा आईबाबांनो, कृपा करून घरी मोजपट्टी काढून मुलाचं भविष्य वाचू नका. आणि गरोदरपणात आपलंच काही चुकलं, असं एकाही आईनं मनाला लावून घेऊ नये.

(दृश्य: मुलगा आणि समुपदेशक समोरासमोर)

टिक्स बहुधा दहा-बारा वर्षांच्या वयात सगळ्यात जोरात असतात, पुढे बऱ्याच मुलांच्या ओसरतात. तोवर मदत मिळू शकते. इथे हा मुलगा ती हुळहुळ ओळखायला शिकतोय. मान झटकावीशी वाटली, की तो हनुवटी अलगद खाली घेतो, मानेचे स्नायू हळूच आवळून धरतो आणि सावकाश श्वास घेतो. पहिल्या दिवशी जमत नाही. समुपदेशक म्हणतात, ‘चालेल. पुन्हा करू या.’